पाहुणे बसवणारे तात्या

आमच्या तात्यांकडे जेवलेला पाहुणा सकाळपर्यंत सुटत नसे. पहाटे तात्या त्याच्या हातात पाण्याचं टमरेल देत आणि उसाच्या फडाकडे बोट दाखवत. "माझ्या रानातलं खाल्लंय न्हवं? मग माझ्याच रानात बसा."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेतून हवालदार म्हणून सुटले आणि कृष्णाकाठी ऊस करू लागले. सगळं गाव पाचट जाळायचं, तात्या ते सरीत कुजवायचे. गांडुळांना 'माझे जवान' म्हणायचे. बांधावरच्या सापावर कुणी काठी उगारली की विचारायचे, "उंदरं तू धरणार हाईस का रं?" शेजारणीला उसनी साखर हवी तेवढी मिळे, शेणाची पाटी मात्र कधीच नाही. "साखर उनाची हाय, न्या. शेण मातीचं हाय. ऊन रोज नवं येतं, माती तीच पुरवायची."

चुलती गेल्यावर घरात तात्या आणि त्यांची एकुलती एक सुमन. तिला बघायला आटपाडीकडचे पाहुणे आले. मुलगा मास्तर होता, सुमनला मनापासून आवडला होता. जेवणं झाली, पाहुणे एस्टीसाठी उठले आणि तात्या दारात आडवे आले. "आवं पावणं, सकाळी रानात बसून मग जावा."

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. आत सुमननं कपाळाला हात लावला. मला तर वाटलं, जमत आलेलं लग्न शेणापायी मोडलं.

मुलाच्या वडिलांनी पागोटं नीट केलं. "आमच्याकडं खतासाठी रानात मेंढरं बसवत्यात, त्येचं धनगराला धान्य देत्यात. माणसं बसवायचं तुमी काय देणार?"

"जेवाण घातलं की," तात्या गंभीरपणे म्हणाले.

पाहुणे इतके हसले की एस्टी चुकली आणि सोयरीक जमली.

पाठवणीच्या वेळी तात्या कुठं दिसेनात. शोधत गेलो तर वऱ्हाडाच्या ट्रकमागे. घामाघूम होऊन स्वतः शेणखत भरत होते. अर्धा ट्रक भरला होता. वऱ्हाडी नाकाला पदर-रुमाल लावून उभे.

"तात्या, हे काय?"

"सुमी आता तिथलं खाणार. माळाची जमीन लय हलकी हाय रं." त्यांनी शेणाच्याच हातानं डोळे पुसले.

मग तोंड धुवायला म्हणून विहिरीवर गेले, ते ट्रक गेल्यावरच परत आले.