बेणं का रान?

लग्नाच्या पंगतीत, समोरच्याच्या तोंडात जिलेबीचा घास असताना, "पावणं, परसाकडं कसं हुतंय?" असं खणखणीत आवाजात विचारणारी बाई अख्ख्या बारामती तालुक्यात एकच आहे आणि ती माझी सख्खी आत्या आहे. लोणी भापकरच्या लग्नात तिनं हा प्रश्न नवरदेवाच्या चुलत्याला विचारला. माणूस माजी सरपंच. त्याला ठसका लागला. आत्यानं त्याच्या पाठीत थापट्या मारत पुढचा प्रश्न टाकला, "रगत-बिगत पडत न्हाय न्हवं?" शेजारची दोघंतिघं ताटावरून तशीच उठली.

मी तिला बाजूला घेऊन दटावलं, तर म्हणाली, "लाजंनं पोट बरं हुत न्हाय, बाळासाब." हे तिचं पालुपद.

सुंदराआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरात पणदऱ्याला माहेरी परतली ती कायमची. आमच्या घरामागच्या खोलीत राहते, गाई सांभाळते आणि सगळ्या भावकीला धाकात ठेवते. भांडकुदळ म्हणून सासरच्यांनी नांदवली नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिचा तोंडाचा पट्टा ऐकल्यावर कुणाला त्यात शंकाही यायची नाही.

पोटांचा हा नाद तिला लागला माझ्या मुलीमुळं. कोमल कॉलेजात आहे. तिच्या आतड्याला सूज येऊन जखमा झाल्या, रक्त जायला लागलं, पोरगी वाळून गेली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी औषधं सुरू केली. त्या याच आजारावर संशोधनही करतात.

"पण झालं कशानं?" आत्यानं विचारलं.

"आजी, नेमकं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. थोडं रक्तातून येतं, थोडं बाहेरून. खाणं, पाणी, औषधं. तेच शोधतोय आम्ही."

"म्हंजी बेणं बी बघायचं आन् रान बी."

लावणीसाठी वापरतात तो ऊस म्हणजे बेणं आणि रान म्हणजे शेतजमीन, हे मी बाईंना समजावलं. त्या खूश होऊन म्हणाल्या, "अगदी बरोबर!" झालं. त्या क्षणापासून आत्यानं स्वतःची संशोधनावर नेमणूक करून घेतली. बाईंनी आईकडच्या आणि वडिलांकडच्या नातेवाइकांचे शौचाचे नमुने मिळतील का एवढंच विचारलं होतं आणि झाकणाच्या डब्या दिल्या होत्या. आत्यानं त्या डब्या पिशवीत घातल्या आणि पिशवी छातीशी धरूनच ती घरी आली.

आधी तिनं रान धरलं. पहिला आरोपी बोअरचं पाणी. मग उसावरची फवारणी. मग पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं. ती दुकानासमोर खुर्ची टाकून बसायला लागली आणि पाकीट घेणाऱ्या प्रत्येक पोराला तिथल्या तिथं पोटाचं विचारायला लागली. दुकानदार हात जोडून माझ्याकडं आला. डॉक्टरीणबाई फोनवर सांगून थकल्या, "आजी, असं एकावर बोट नाही ठेवता येत."

"बोट ठेवल्याबिगर चोर घावतो व्हय?" आत्या म्हणाली.

बेण्याचा निकाल मात्र माझ्या आईनं पहिल्याच दिवशी लावला होता. "आमच्या घराण्यात असलं काय न्हाय. ह्ये इंदापूरकडचं." इंदापूर म्हणजे माझ्या बायकोचं माहेर. सुनंदा भाकरी तेवढी जोरात थापायची. मी शेताकडं निघून जायचो. आत्या एसटीनं इंदापूरला गेली, तिथली सगळी पोटं तपासून आली आणि म्हणाली, "तितं काय घावलं न्हाय."

"सांगत्यात व्हय खरं?" आई म्हणाली.

उरली आमची भावकी. भावकीनं डब्यांना हातच लावला नाही. रोग रक्तातला आहे असं गावभर झालं तर आमच्या पोरी कोण करील, हा एकच सवाल. कोमलचंही कुठं बोलू नका, तिचं लग्न व्हायचंय, असाही सल्ला मिळाला. शेवटी चुलतभाऊ बापूराव एक डबी घेऊन आला. घरात माणसं भरपूर, डबी एकच.

"समद्यांचं थोडं थोडं घिऊन कालवलंय," तो म्हणाला. "माती परीक्षणाला न्हाय का, चार कोपऱ्यांची माती एकत्र करत्यात? तसंच. आन् कुणाचं कोणचं, त्ये बी कळायचं न्हाय."

आत्या जी उसळली! बापूरावाला तिनं डबीसकट अंगणात उभं केलं. आवाज ऐकून भावकी जमली. "नाव का लावत न्हाय डबीला? चोरी केलीय व्हय?"

"आधी सुनंच्या माहेरचं बघा," कुणीतरी मागून म्हणालं.

आत्या त्या आवाजाकडं वळली. मग म्हणाली, "मला का नांदवली न्हाय, ठावं हाय का?"

"जाऊ द्या वन्सं," आई घाईनं म्हणाली.

"का जाऊ द्या? भांडून न्हाय आले मी. रगत पडायचं मला. उठून उठून पळायचे. सासू म्हणली, घाण हाय पोरगी. ट्रंकंसकट स्टँडवर आणून सोडली. आन् आबा म्हणलं, सुंदरे, कुणापशी बोलू नगंस, तुझ्या धाकट्या भनीचं लगीन व्हायचंय. भांडून आली म्हणून सांगू. जल्मभर मी भांडकुदळ झाले, तुमच्या पोरी नांदल्या. आता ह्या पोरीचं बी त्वांड शिवायचं? न्हाय जमायचं. सुनंदा, लिव माझं नाव डबीवर. ठळक लिव!"

आबा म्हणजे माझे आजोबा. हार घातलेला त्यांचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. मला त्यांचा असा राग आला की फोटो काढून ठेवावा वाटला.

सुनंदानं नाव लिहिलं. मग आईनं कुणाकडं न बघता हात पुढं केला, "मला बी द्या एक." बापूराव वेगवेगळ्या डब्या मागून घेऊन गेला.

पुण्याला डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आजी, तुम्हाला तेव्हा हेच होतं का, ते आता छातीठोक सांगता येणार नाही. आणि असलं तरी कोमलला तुमच्याकडूनच आलं, असं म्हणता येत नाही."

"नसंना का," आत्या म्हणाली. "पर दोष द्यायचाच आसंल तर माझ्या नावावर घाला. मला सवय हाय."

परतताना कोमल गाडीत पोट धरून बसली होती. पोटात कळ आली तरी गाडी थांबवा म्हणायला तिला लाज वाटते. आत्या एकदम ओरडली, "थांबीव रं गाडी! मला जायचंय." पेट्रोल पंपावर तिनं पोरीला हाताला धरून उतरवलं, आत पाठवलं आणि स्वतः बाहेर दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला जायचं नव्हतंच. मागं रांग लागली. एका ट्रकवाल्यानं घाई केली, त्याला तिनं असा झापला की तो लांब जाऊन उभा राहिला.

"माझ्या येळंला दारात कुणी न्हवतं," ती मला हळूच म्हणाली.

आतून कोमलचा आवाज आला, "आजी, आहेस ना?"

"हाय की हितंच. सावकाश हू दे."