मोटरसायकलच्या अक्षता

"मार्चमध्ये पहिल्या झटक्यात सुरू झाली तर ठेवू. नाहीतर विकायची," निशिगंधाने निकाल दिला.

परदेशात, ल्यूकन गावातल्या त्या घरात मोटरसायकल हिवाळाभर मागच्या शेडमध्ये झोपायची आणि दर वर्षी तिला उठवायला मेकॅनिक बोलवावा लागायचा. अभिजितचा तिच्यावर फार जीव. पण बायकोपुढे त्याने मान डोलावली.

"यंदा मी ठेवतो तिला नीट," त्याचे वडील गुरुनाथराव बोलून गेले आणि लगेच घाबरले. अख्खं आयुष्य ग्रंथपाल म्हणून गेलेलं. पान्याशी ओळख नव्हती.

त्यांनी मॅन्युअल दोनदा वाचलं, समासात पेन्सिलीने खुणा केल्या. टाकी काठोकाठ भरून घेतली, बॅटरी काढून घरात आणली, चेनला तेल दिलं, उंदीर शिरू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं. नेमकी त्या दिवशी खंडेनवमी होती. यंत्र पूजेशिवाय कसं झाकायचं? मॅन्युअल याबाबत गप्प होतं. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, सीटवर मूठभर अक्षता टाकल्या, गुळाचा खडा ठेवला आणि कव्हर ओढलं.

चार दिवसांनी पाहिलं, तर अक्षता गायब, गूळ गायब, सीटवर बारीक काळ्या लेंड्या. उंदीर वायरी कुरतडतात हे मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत होतं.

सांगायची हिंमत होईना. पोट भरलेला उंदीर वायर कशाला खाईल, असा विचार करून ते रोज वाटीभर तांदूळ शेडच्या कोपऱ्यात ठेवू लागले. मग दाराबाहेर. मग आणखी पुढे, कार उभी असते तिथे. मोटरसायकलपासून जितकं लांब तितकं बरं.

डिसेंबरात निशिगंधाने स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. "अरे, इथले तांदूळ जातात कुठे?"

"माझ्याकडे काय बघतेस?" अभिजित म्हणाला.

मग दोघांनी गुरुनाथरावांकडे पाहिलं. त्यांच्या स्वेटरच्या खिशाला चार दाणे चिकटले होते.

"बाबा, तुम्ही कच्चे तांदूळ खाता?" ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या निशिगंधाचा आवाज एकदम मऊ झाला. "लाजू नका हो. रक्तात लोह कमी असलं की होतं असं."

"थोडेसेच," गुरुनाथराव पुटपुटले.

रक्त तपासलं. लोह खरंच कमी निघालं, तेव्हा तर त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला. रोज एक गोळी सुरू झाली.

मार्चमधल्या एका सोमवारी निशिगंधाने कारची किल्ली फिरवली. ढिम्म. अभिजितने बॉनेट उघडलं. आत कुरतडलेल्या वायरी, सुकं गवत आणि मधोमध एक ऊबदार घरटं. त्यात तांदूळ.

"बाबा, हे तुम्ही खात होतात ना?"

"थोडेसेच."

"आठला माझा राउंड आहे! आता जाऊ कशी?"

"मोटरसायकलची बॅटरी कालच बसवलीय," गुरुनाथराव हळूच म्हणाले. "फडकंही काढलंय."

अभिजित शेडकडे धावला. बटण दाबलं. मोटरसायकल पहिल्या झटक्यात गरजली.

निशिगंधा हेल्मेट चढवून मागे बसली.

"मग, विकायची का?" अभिजितने विचारलं.

"आधी चालव रे! आणि बाबा, गोळी घ्या."

दोघं वळणाआड गेली. गुरुनाथरावांनी मुकाट्याने गोळी घेतली. मग उघड्या बॉनेटकडे पाहून थोडा विचार केला, वाटी भरली आणि ती पुन्हा शेडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. कारपासून लांब.