बिब्याच्या शाईचा तक्ता

"माहाच तक्ता भितीवर लागन! पाहून घेजा!"

विजयमालेनं भाकरी खाता खाता हे जाहीर केलं, तेव्हा तिच्याजवळ कागदसुद्धा नव्हता!

रिठदच्या पुढल्या एका लहानशा गावात ती तिसरीत शिकत होती. गाईनं मान हलवली तरी हिचं "काहून?" तयार! डिप्टी साहेब तपासणीला येणार होते, म्हणून जगदेव गुरुजींनी पोरांना 'घरातील सावधगिरी' या विषयावर मोठ्या अक्षरांत तक्ते लिहून आणायला सांगितले होते. सगळ्यांत चांगला तक्ता शाळेच्या भिंतीवर लागायचा होता.

तिच्या बापानं, जानरावानं, सरळ अट घातली. "लागला तं चवथीत जाय. नाही लागला तं पाटी ठेव अन् मायसंगं कापूस वेचाले चाल."

पोरीनं भाकरी बाजूला सारली. पुडीची शाई पाण्याच्या थेंबानं ओघळते. मग न ओघळणारी शाई आणायची कुठून? तिची नजर दोरीवरच्या बापाच्या धोतरावर गेली. परटानं बिब्यानं घातलेली खूण! धोतराच्या चिंध्या व्हायला आल्या होत्या, खूण मात्र काळीकुट्ट.

"माय, बिब्याची खूण काहून नाही जात वं?"

"नाही जात, एवढंच!" चुलीपुढून कस्तुराबाई म्हणाली. "अन् बिब्याले हात लावू नको. उतते! तोंड सुजते!"

विजयमालेनं मायचं सगळं ऐकलं. खुणेची शाई केली आणि उतण्याचा नियम!

हाताला तेल चोपडून, वर चिंध्या गुंडाळून तिनं सुईला टोचलेले बिबे दिव्यावर धरले. गळलेलं तेल चुन्यात कालवलं अन् दुकानातून मागून आणलेल्या जाड कागदावर बोरूनं लिहायला बसली. चुलीजवळ कापूस ठेवू नये. विहिरीच्या काठावर खेळू नये. कंदील पेटलेला असताना त्यात घासलेट ओतू नये. असं करत पाचवा नियम, सगळ्यांत ठसठशीत: बिब्यास हात लावू नये!

शाई वाळली की तिचं उतणंही संपतं, हे तिनं परस्परच ठरवून टाकलं.

जानरावाला वाचता येत नव्हतं, पण पोरीचं अक्षर पाहून त्याची छाती फुगली. तक्ता घेऊन तो गल्लीभर फिरला. "बोट लावून पाहा ना गड्या! अक्षरं कशी चमकून राह्यली!" ज्यानं त्यानं बोट फिरवलं, मग त्याच बोटानं नाक खाजवलं, डोळे चोळले. संध्याकाळी गुरुजींनी एकेक ओळ बोटानं तपासली आणि खूश होऊन मिशीला पीळ दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत एकच बोंब! "देवी आली वं माय!" जानरावाचे ओठ सुजून वांग्यासारखे झालेले! गुरुजींचं नाक तर मिशीवर टेकलं होतं. बायांनी दारोदारी निंबाचे डहाळे बांधले. अन् नेमकी तेव्हाच साहेबांची दमणी वेशीत आली!

"गावात साथ?" साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "गाडी फिरव!"

विजयमाला मात्र एकेक तोंड न्याहाळत होती. शेजारच्या तुळसाबाईंचे हात काल शेणानं भरलेले होते, त्यांनी तक्ता नुसता पाहिला होता. त्यांचं तोंड तर स्वच्छ! ज्यानं बोट लावलं, तोच सुजला!

बोलावं तर तक्ता गेला, अन् तक्ता गेला की शाळाही गेली. न बोलावं तर साहेबच गेले! तिला रडू फुटलं. तरी ती धावली अन् बैलांपुढं उभी राहिली.

"साहेब, देवी नाही! बिबा हाय! माहा तक्ता उतला!"

साहेब चकित होऊन खाली उतरले. गुरुजींनी चुलीजवळच्या चिमट्यानं तक्ता उचलून समोर धरला. साहेब लांबूनच वाचत पाचव्या नियमाशी आले आणि थबकले.

"हे कशानं लिहिलंस?"

"बिब्यानं." तिनं कालच्याच चिंधीत गुंडाळून आणलेला बोरू पुढं धरला.

साहेब इतके हसले की डोक्यावरची टोपी पडली! "गुरुजी, हाच लावा! पाचवा नियम हे गाव जन्मात विसरणार नाही!"

जानराव सुजल्या तोंडानं काहीतरी बडबडला. कुणालाच कळलं नाही.

"बा म्हनते, चवथीत जाय," विजयमालेनं घाईघाईनं सांगून टाकलं.

साहेबांनी तिच्या चिंधीतला बोरू काढून घेतला, गुरुजींच्या दौतीत बुडवला अन् तक्त्याखाली झोकात लिहिलं, 'उत्तम'.

"साहेब, चिंधी—"

"असू दे, असू दे!" म्हणत साहेबांनी मिशीला पीळ दिला आणि दमणीत बसले.

आठ दिवसांनी तपासणीचा शेरा आला. शेरा झकास होता, फक्त अक्षर कारकुनाचं होतं.

"साहेबाचा हात अजून फडक्यात हाय," शेरा घेऊन आलेला शिपाई हळूच म्हणाला.

विजयमालेला राहवलं नाही. "अन् मिशी?"

"भादरली!"