पालीची अंडी आणि मागची खोली

अंडी उबवणं ही अत्यंत जबाबदारीची बाब असून, ज्यांना स्वतःला ती घालावी लागत नाहीत, त्यांचाच या क्षेत्रातला अभ्यास सखोल असतो.

नवीन जालन्यातला आदिनाथ असाच अभ्यासू. नोकरी बियाण्यांच्या कंपनीत, उगवण तपासायची. हौस म्हणून त्यानं पुण्याहून ठिपक्यांच्या विदेशी पालींची जोडी आणली. (देशी पाली घरात होत्याच, पण फुकट मिळालेल्याला छंद म्हणत नाहीत.) एप्रिल सरता सरता मादीनं दोन अंडी घातली. आदिनाथनं ती थर्माकोलच्या डब्यात, ओलसर कोकोपीटवर ठेवली, वर बल्ब लावला आणि इन्व्हर्टरची तार फ्रिजकडून डब्याकडे वळवली. बायको अंजू तेव्हा गरोदर होती. तिला गार पाणी लागायचं. तिच्यासाठी माठ होता.

एके सकाळी त्यानं आईला, सखूबाईंना, शास्त्र समजावलं : या पालींत पिल्लू नर की मादी, हे अंड्याला मिळणाऱ्या उष्णतेवर ठरतं. गारव्यात माद्या, ऊब वाढवली की नर.

सखूबाईंनी आयुष्यात प्रथमच शास्त्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

दुपारपर्यंत कॉलनीत वैज्ञानिक दृष्टिकोनाची लाट आली. बँकेतले बद्रीनाथ आले, निवृत्त मुख्याध्यापिका पुष्पाबाई आल्या. अंड्यांकडे कुणी वाकून पाहिलं नाही. सगळ्यांनी चहा घेतला आणि नेमकी किती ऊब लागते, एवढंच विचारलं. (मादीसाठी किती, असं विचारणारे : शून्य.) पुष्पाबाईंनी सुनेसाठी मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

संध्याकाळी अंजूची गादी मागच्या पत्र्याच्या खोलीत गेली. कूलर बैठकीतच राहिला. सखूबाईंचं म्हणणं, करून पाहायला काय जातंय. माणसाचं असं ठरत नसतं, हे आदिनाथला पक्कं ठाऊक होतं. परंतु संशोधकानं घरगुती बाबींत पडू नये, या तत्त्वाला जागून तो डब्यातला उष्णतामापक पुसत बसला.

ऐन मे महिन्यात अंजूला त्या खोलीत भोवळ आली. भिंत धरून ती खाली बसली. सखूबाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि ऊब जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.

अंजू उठली. दार उघडून तिनं पिशवी भरली आणि अंड्यांचा डबाही उचलला. अंडी हलवू नयेत, असं आदिनाथनं शास्त्राच्या आधारे सांगितलं.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "पोटातलं ठरायचं ते कवाच ठरलंय. तुम्ही मला नुसतं उकडून राह्यल्या." मग नवऱ्याकडं वळून हळूच म्हणाली, "तुमाला तर ठाऊक व्हतं."

आदिनाथनं मोकळ्या जागेवर जळत राहिलेला बल्ब तेवढा बंद केला.

अंबडच्या बसमध्ये तिनं डबा मांडीवर सांभाळून धरला. माहेरी तिच्यासाठी कूलर लागला, त्याच गारव्यात डबाही राहिला. दोन्ही पिल्लं धडधाकट निघाली; वाढल्यावर दोन्ही माद्या ठरल्या. कॉलनीनं प्रयोग फसल्याचं जाहीर करून आदिनाथचं सांत्वन केलं.

पुढं अंजू अंबडलाच बाळंत झाली. जालन्याहून सगळ्यांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच होता : काय झालं? आपणही आत्ता मनात नेमका तोच विचारला आहे.

अंजूची तब्येत चांगली आहे.