काढलेल्या ओळी

अण्णा दुपारी डबा उघडण्याआधी एक आकडा सांगत. "आज एकशे चौदा." कधी नुसतं "बावीस." एकदा "चारशे सहा" म्हणाले आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला भजी मागवली. नवीन माणसाला वाटे, एवढं काम केलं असेल. प्रत्यक्षात कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधल्या तेवढ्या ओळी त्यांनी सकाळपासून काढून टाकलेल्या असत, आणि प्रोग्राम पूर्वीसारखाच चालत असे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. कोल्हापुरातल्या एका दूध संघात मी आकडेवारी विभागात होतो. महालिंग अण्णा शेजारच्या टेबलावर. मूळचे गडहिंग्लजकडचे, वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नव्हतं. संघाचे डॉक्टर गावोगाव फिरून गाई-म्हशी भरवत, म्हणजे रेतन करून गाभण करत. त्या नोंदी आमच्याकडे येत. अण्णांचे प्रोग्राम त्यावरून व्यायची तारीख काढत आणि मालकाच्या घरी कार्ड जाई. अण्णा स्वतः मात्र कायम नव्हते. अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. अशा पाच ऑर्डरी झाल्या होत्या. कायम व्हायचं, एवढी एकच गोष्ट ते स्वतःसाठी मागत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दोन ठिकाणी हाय म्हंजे एक खोटं हाय." आमच्या घराच्या वास्तुशांतीची पत्रिका मी त्यांना दाखवली, तेव्हाही तेच म्हणाले. मी हसलो. पत्रिकेत वर भोजनाची वेळ साडेअकरा होती आणि खाली, नातेवाइकांच्या नावांनंतर, साडेबारा. चार वेळा तपासूनही माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

"यातलं खरं कुठलं?" अण्णांनी विचारलं.

"घरी विचारावं लागेल."

"बघा की. मालकालाच ठाऊक न्हाय."

त्यांची दुसरी सवय म्हणजे छापलेला प्रोग्राम उभं राहून मोठ्यानं वाचायचा. प्रिंटरच्या लांब कागदाच्या घड्या एका हातात, दुसरा हात छातीवर. प्रोग्राममध्ये 'जर असं असेल तर' अशा अटी असतात. काहींत एका अटीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. कार्ड पाठवायचं की नाही हे ठरवणाऱ्या एका भागात अशा चौदा अटी मी स्वतः मोजल्या. अण्णा वाचत आणि जिथं दम लागे तिथं लाल पेन्सिलीची रेघ मारत. "हितनं तोडायचं. एका दमात वाचता येत न्हाय, तर माज्या मागनं येणाऱ्याला कळायचं कसं?" आठवड्याभरात त्या चौदा अटींचे चार छोटे भाग झाले आणि प्रत्येकाला साधं नाव मिळालं. अख्ख्या कोल्हापुरात त्यांना राजारामपुरी आवडे. गल्ल्यांना नंबर आहेत आणि एक नंबर दोनदा येत नाही, एवढंच कारण.

मग पुण्याहून नवे साहेब आले. कोण किती काम करतो याचा महिन्याचा तक्ता त्यांना हवा होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं काम कशात मोजायचं, तर लिहिलेल्या ओळींत. तक्ता मी आखला. पहिल्या महिन्यात अण्णांसारखेच प्रोग्राम लिहिणाऱ्या मुळीकांच्या नावापुढे आठशे साठ आले, अण्णांच्या नावापुढे सदतीस. वर्षअखेर याच तक्त्यावरून कायम करायची नावं ठरणार होती.

"अण्णा, आता जरा लिहा की," मुळीक म्हणाले. "व्यालेल्या म्हशीचं वजन घटतं तसा तुमचा प्रोग्राम दर महिन्याला घटतोय."

मला राहवलं नाही. जेवणानंतर त्यांना गॅलरीत नेलं आणि म्हणालो, "जुनी ओळ खोडा आणि तीच पुन्हा लिहा. नियमात बसतं. आकडा वाढेल."

 अण्णांनी कठड्याला टेकून जे सांगितलं, ते असं.

सुरुवातीला संघात फक्त गाईचा प्रोग्राम होता. गाईचे गाभणपणाचे दिवस दोनशे ऐंशी धरायचे. पुढे म्हशींची कार्डं काढायची ठरली, तेव्हा अण्णांनी गाईचाच प्रोग्राम उचलून म्हशीला चिकटवला. म्हशीचे दिवस तीनशे दहा. तो आकडा बदलायच्या जागा बऱ्याच होत्या. सगळीकडे बदलला, कार्ड छापायच्या जागी राहिला. म्हशींची कार्डं महिनाभर आधीच्या तारखेची गेली.

"लोकांचं काय अडलं न्हाय," अण्णा म्हणाले. "लोकांनी कार्ड फळीवर ठेवलं नि म्हशीकडं बघितलं. एक आमची अक्का तेवढी कार्डावर राहिली. भावाच्या कॉम्प्युटरनं काढलेली तारीख की ती."

त्याच सुमारास त्यांच्या आईला कोल्हापुरात दवाखान्यात ठेवलं होतं. अण्णांनी बहिणीला निरोप धाडला, अव्वा तुझं नाव काढतीय, ये. अक्काच्या घरी दुसरं माणूस नव्हतं. तिचा उलट निरोप आला, म्हैस चार दिवसांत व्यायला झालीय, कार्ड आलंय, व्याली की निघते. त्या निरोपानंतर बाराव्या दिवशी आई गेली. कार्य उरकून अण्णा अक्काला पोचवायला तिच्या गावी गेले, तर म्हैस अजून तशीच गाभण. त्यांनी गोठ्यात उभं राहून बोटांवर दिवस मोजले.

"अक्काला सांगितलंत?"

"न्हाय. ती म्हशीलाच बोल लावती. वेळेवर व्याली न्हाय, हिच्यापायी अव्वा दिसली न्हाय म्हणून. पुढं विकून टाकली ती म्हैस. कायम झालो की सांगणार हाय. तिच्यापुढं उभं ऱ्हायला कायतरी पायजे की, शिंदे. पर हे साहेबास्नी सांगायचं न्हाय. अव्वाच्या नावावर ऑर्डर घ्यायची न्हाय मला."

वर्षअखेरीला साहेबांनी त्यांना बोलावलं. तक्ते घेऊन मीही आत होतो.

"बाकीच्यांनी सात-सात, नऊ-नऊ हजार ओळी लिहिल्या," साहेब म्हणाले. "तुम्ही चारशे एक्केचाळीस. कारण?"

"अकरा हजाराचा प्रोग्राम चार हजारावर आणला, साहेब. दिवसांचा आकडा आता एकाच ठिकाणी हाय."

"त्यानं संघाला काय मिळालं?"

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या तक्त्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बदलायचा झाला तर एकदाच बदलायचा. विसरायला दुसरी जागा न्हाय."

साहेब माझ्याकडे वळले. "शिंदे, आकडे बरोबर आहेत?"

"आकडे बरोबर आहेत, साहेब. तक्ता बरोबर नाही. काढलेल्या ओळींना त्यात रकाना नाही."

"तक्ता कुणी केला?"

"मी."

त्यांनी फाइल मिटली. तो रकाना मला सुचला नव्हता असं म्हणणं खोटं होईल. सुचला होता. उणे आकड्यानं बेरीज विचित्र दिसेल, म्हणून मी तो घेतला नव्हता.

अण्णांची ऑर्डर आली नाही, अकरा महिन्यांचीही. शेवटच्या दिवशी त्यांनी मुळीकांना सगळा प्रोग्राम वाचून दाखवला. मुळीक खुर्ची पुढे ओढून ऐकत होते आणि एकदाही थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस.टी. स्टँडवर गेलो. गडहिंग्लजची गाडी लागली होती. एक पिशवी घेऊन अण्णा फलाटावर उभे होते.

"आता तिकडं काय करणार?"

"आधी अक्काकडं जाणार. सांगून टाकणार."

"कायम झाल्यावर सांगणार होता ना?"

"त्येची वाट बघण्यात लई वर्षं गेली."

"कसं सांगणार?"

अण्णांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पयलं लई लांब हुतं. कॉम्प्युटर कसा चालतोय, घाई कशी हुती, जागा किती हुत्या. त्येतलं निम्मं माज्या बाजूनंच हुतं. कापत कापत आणलंय बारकं."

"किती राहिलं?"

कंडक्टरनं घंटी मारली. अण्णा पायरीवर चढले, दांडा धरून माझ्याकडे वळले आणि छापलेल्या प्रोग्रामसारखंच, मोठ्यानं, एका दमात म्हणाले,

"अक्का, म्हैस बरोबर हुती, मी चुकलो."