सगळ्या चुका मोजणारा तोतया

"जेवणाच्या सुट्टीआधी हे काम उडवतो की नाही बघा!" चटपटने छातीठोकपणे सांगितलं. ऑफिसात सगळे त्याला याच नावाने हाक मारत. त्याची सहा महिन्यांची उमेदवारी आज संपत होती आणि नोकरी पक्की होणार की नाही, हे चार वाजताच्या डेमोवर ठरणार होतं.

कंपनीचं सॉफ्टवेअर इतरांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायचं. घर बघायला आलेल्या आत्याच्या नजरेतून जसं काही सुटत नाही, अगदी तसं! त्याच्या चाचणीसाठी भलीमोठी स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे नेहमीच्या कामांच्या तयार कोडचा साठा, न जोडता तिचे तोतये लिहायचे होते. नावं तीच, पोटात काही नाही. "क्रम लाव" म्हटलं की तोतया यादी जशीच्या तशी परत देई. "मोज" म्हटलं की बेधडक शून्य सांगे. चाचणीपुरतं तेवढं पुरे. चटपटने साडेबारालाच चाळीस तोतये पाडले आणि फोल्डर ठेवून दिलं. कुठे ठेवलं, हे बघायला वेळ कुणाला होता?

चार वाजता ग्राहक कंपनीचे साहेब आले. मॅनेजरबाईंनी त्यांचा दहा वर्षांचा जुना प्रोग्राम तपासायला घातला. पडद्यावर उमटलं: एकूण चुका शून्य!

"शून्य?" साहेबांचे डोळे भरून आले. "आमच्या पोरांना मी उगाच बोलत होतो हो!"

चटपटशेजारी बसलेल्या टेस्टरताई कुजबुजल्या, "अरे, मी मुद्दाम बिघडवलेल्या फाइललाही शून्यच दाखवतंय."

चटपटने घाईघाईने शोधून पाहिलं. फोल्डर चुकीच्या जागी पडलं होतं. तोतये खुद्द सॉफ्टवेअरमध्येच शिरले होते आणि सापडलेल्या चुका तो शून्यवाला मोजत होता! गप्प बसलं तर नोकरी, बोललं तर घरी. पण साहेब पोरांना शाबासकी द्यायला फोन लावू लागले, तेव्हा त्याला राहवेना.

"साहेब, थांबा! ते शून्य खोटं आहे. चूक माझी आहे."

तोतये हाकलून खरी लायब्ररी जोडली. चुका: सहा हजार एकशे बारा! त्यातल्या चारशे साहेबांनी स्वतः तरुणपणी लिहिलेल्या फाइलमधल्या.

चटपटने मनातल्या मनात बाडबिस्तरा गुंडाळला.

साहेबांनी घसा खाकरला. "मॅडम, आम्ही घेतो."

"खरंच?" मॅनेजरबाई उडाल्याच.

"हो. पण हे नको. मघाचं होतं ना, ते द्या."

बाईंनी चटपटकडे पाहिलं. "तू पक्का झालास. उद्यापासून ते मघाचं तूच सांभाळायचं."

"पण मॅडम, त्यात सांभाळायचं काय?"

"चुकून चालायला लागलं, तर लगेच कळव."