दोषी व्यक्तीने पिंजरे घासावेत

तिसऱ्या खेपेलाही नको त्या काचेच्या तबकड्यांवर बुरशी उगवली, तेव्हा डॉक्टर मिझोगुचीबाईंचा संयम संपला. महिनोन् महिने सिगारेटच्या धुरात ठेवून फुफ्फुसं कायमची आजारी केलेले चाळीस उंदीर. त्यातल्या विसांच्या श्वासनलिकेत बाईंनी स्वतः बुरशी सोडली होती. उरलेल्या विसांना नुसतं मिठाचं पाणी दिलं होतं, आणि त्यांच्याही फुफ्फुसांच्या नमुन्यांतून पिवळट-हिरवी लव वर आली होती. आता तुलना करायची कशाशी? दोन वर्षांचं काम पाण्यात.

"ही माझी बुरशी नाही," त्या कडाडल्या. "माझी निळसर असते. ही कुणाच्या तरी गलथानपणाची आहे."

कुणाच्या, ते उघड होतं. जपानमधल्या निइगाताच्या त्या संस्थेत उंदरांचं सगळं कानबारा-सान बघत. तीस वर्षांत एकही ठपका नाही आणि निवृत्तीला महिना उरलेला.

"तुम्ही ओलसर खाद्य घालता, कानबारा-सान."

"नाही, डॉक्टर. उलट मला एक सांगायचं..."

"भुसाही वेळेवर बदलत नाही."

"रोज बदलतो. पण मी काय म्हणतो..."

"मला कारणं नकोत."

त्याच दुपारी दारावर नोटीस लागली: बुरशी ज्याच्यामुळे आली असेल, त्याने संस्थेतले सगळे दोनशे पिंजरे हाताने घासावेत. शिवाय कानबारा-सानच्या सेवापुस्तकात ठपका नोंदवावा, असं पत्र बाईंनी प्रमुखांसाठी लिहून ठेवलं. फक्त बुरशीच्या तपासणीचा अहवाल यायचा होता.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. ती होती कोजी, मिसो हा सोयाबीनचा आंबवलेला लगदा करण्यासाठी तांदळावर चढवतात ती घरगुती बुरशी. बाई तरातरा उंदरांच्या खोलीत गेल्या.

"लाज वाटत नाही? इथे काम करायचं आणि घरी मिसो घालायचा?"

"आम्ही दुकानातून आणतो, डॉक्टर," कानबारा-सान म्हणाले. "बायकोला तो आंबूस वास सोसत नाही."

"खोटं," असं म्हणत बाई कामाच्या टेबलाशी बसल्या. खोली गारठलेली. त्यांनी सवयीने गुडघ्यांवर पांघरूण ओढलं, तसा त्याच्या घडीतून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. पांढरा, लव चढलेला.

घरी मिसो घालणाऱ्या बाईंच्या सासूबाई दर शनिवारी कोजीच्या तांदळावर घालायला हेच पांघरूण मागवून घेत. कोजीला दोन दिवस ऊब लागते. सोमवारी त्या ते नीट झटकून, घडी घालून परत देत, आणि ते गुडघ्यांवर घेऊन बाई इथेच नमुन्यांच्या तबकड्या भरत.

मग बाईंनी खाली वाकून माफी मागितली, पत्र फाडलं, आणि तरीही राग गेला नाही म्हणून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"सोमवारी सोमवारी त्या पांघरुणाला आंबूस वास यायचा. तेच सांगत होतो."

"मग ओरडून सांगायचं."

कानबारा-साननी कपाटातून रबरी हातमोज्यांची नवी जोडी काढून नम्रपणे दोन्ही हातांनी पुढे केली. मोजे अगदी लहान मापाचे होते.

"तुमच्या मापाचे आहेत," ते म्हणाले. "नोटीस लागली त्याच दिवशी मागवून ठेवले."